ब्रेकमधली हवा

३ फेब्रुवारी, शनिवार

मी लिफ्टची देखभाल करतो. कामावर प्रत्येक लिफ्टपाशी एक कार्ड टांगलेलं असतं: काय बिघडलं, काय बदललं, कोणी बदललं. घरच्या गाडीला असं काही नाही, त्यामुळे आमची नवराबायकोची भांडणं होतात. मी म्हणतो ब्रेकचे पॅड गेल्या हिवाळ्यात बदलले, ही म्हणते त्याच्याही आधी. बहुतेक वेळा हिचंच बरोबर निघतं, पण ते मी फक्त इथे कबूल करतो आहे. तर आजपासून गाडीचं सगळं लिहायचं.

गाडी दोनच माणसांची, बुटकी, शर्यतीच्या जातीची. लाल रंग उडून आता गाजरासारखी दिसते. घेतली तेव्हा एका शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून होती आणि सीटखाली मांजरीची पिल्लं होती. दुरुस्त मी करतो, चालवते ही. शर्यतीच्या ट्रॅकवर नवीन माणसं मला येऊन विचारतात, वळणाआधी गिअर कधी पाडायचा? मी हिच्याकडे बोट दाखवतो. मी स्वतः तिथे एकदाही चालवलेली नाही. नुसतं शेजारी बसलो तरी दोन्ही हातांनी सीट धरून ठेवतो.

ही शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. एका गिऱ्हाइकाने शर्यतीत घालायचा सूट बाह्या आखूड करायला दिला होता, तो पोचवायला ही ट्रॅकवर गेली आणि त्याने हिला शेजारी बसवून एक फेरी मारून आणली. घरी येऊन जेवली. ताट उचलताना म्हणाली, मला ते शिकायचंय. मी हसलो होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली.

आज ट्रॅक डे होता, म्हणजे ज्याने त्याने आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस. जिथे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो, त्या वळणावर ही दोनदा रस्ता सोडून थेट बाजूच्या खडीत गेली. लागलं नाही कोणाला. म्हणाली, पेडल मऊ लागतंय. आता पुढचा ट्रॅक डे एप्रिलमध्ये, आणि त्यात हिला पहिल्यांदाच वेगवान गटात घेतलं आहे. या गटासाठी हिने किती वाट पाहिली ते मला ठाऊक आहे. तरी मी बजावलं, ब्रेकचा भरवसा नसेल तर मी तुला जाऊ देणार नाही.

"मिस्त्री, मग करा की बरोबर," ती म्हणाली.

११ फेब्रुवारी, रविवार

ब्रेकमधली हवा काढली. तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा असला की पेडल मऊ होतं, कारण तेल दाबलं जात नाही आणि हवा दाबली जाते. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी छोटा स्क्रू सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर जाऊ द्यायची, स्क्रू आवळायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. स्क्रू उघडा असताना पाय उचलला तर बाहेरची हवा उलटी आत जाते. आमचं हे काम तोंडपाठ आहे. मी चाकाखालून ओरडतो, दाब. ती म्हणते, धरलंय. मी आवळून म्हणतो, सोड. मधल्या वेळात ती गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगते, कोणाची कंबर वाढली आणि कोण मानायला तयार नाही. आमचा सगळ्यात चांगला रविवार असाच जातो.

आज मात्र नाकी नऊ आले. चारही चाकं पुन्हा पुन्हा केली, तरी बुडबुडे येतच राहिले. पेडल कडक होतं आणि परत मऊ. मी विचारलं, नीट धरतेस ना? म्हणाली, धरलंय हो. म्हणजे हवा कुठून तरी आत येते आहे. नळ्या जुन्या झाल्या असणार. ही दमली होती, गोष्टी काही सांगितल्या नाहीत.

दुपारी हिच्या कात्रीला धार लावून दिली. म्हणाली, बोथट झाली आहे, जाड कापड कापताना हात भरून येतो. धार लावल्यावरही जड वाटते म्हणाली, म्हणून मधला स्क्रू जरा सैल केला आणि तेल सोडलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

जुन्या रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या घातल्या. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. पॅडही ट्रॅकचे घातले, तापले तरी पकड न सोडणारे. गाडी आता नुसती दुरुस्त नाही, पहिल्यापेक्षा वरच्या दर्जाची झाली आहे.

आणि तरीही बुडबुडे. दाब, धरलंय, सोड, दाब, धरलंय, सोड, आणि बाटलीत फेस. माझं डोकं फिरलं. मी पाना आपटला आणि काहीतरी वेडंवाकडं बोललो, गाडीलाच, पण ऐकायला समोर हीच होती. एरवी एकाला चार ऐकवणारी बाई, आज नुसती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. म्हणाली, परत करू या, मी जोरात धरते.

हिला या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारात दोनदा ठेच लागली. उंबरठ्यावरची धातूची पट्टी जरा वर आली होती. ठोकून सपाट केली.

२ मार्च, शनिवार

आता मास्टर सिलेंडर बदलला. पेडलचा जोर तेलाला देणारा भाग हाच. याच्या आतलं रबर झिजलं की पेडल दाबून धरलं तरी हळूहळू खाली जातं किंवा जोर राहत नाही. लक्षणं सगळी जुळत होती. जुना काढून टेबलावर उघडला. रबर उत्तम होतं. मऊ, काळं, कुठे ओरखडा नाही. तरी नवीन घातला, कारण दुसरं काही बदलायला उरलंच नव्हतं.

हवा काढायला ही बसली तेव्हा उजवा पाय हाताने उचलून आत घेतला. मी म्हटलं, काय आजीबाई! ती हसली नाही. सीट फारच खाली आहे, हे खरं. खाली एक जाड पट्टी देऊन उंच करता येईल.

बुडबुडे आलेच. मी हात टेकले. टायरवाल्याला फोन केला. ट्रॅकवर टायरचं दुकान मांडतो तो, आमचा जुना मित्र. म्हणाला, माझ्याकडे एकट्याने हवा ओढून काढायचा पंप आहे, पुढच्या आठवड्यात घेऊन जा.

९ मार्च, शनिवार

लेक आली आहे दोन दिवसांसाठी. आल्या आल्या मला अंगणात गाठून म्हणाली, "बाबा, आईची चप्पल चालताना पायातून निसटते, ते दिसत नाही का तुला?" दिसतं की. तळ झिजला आहे. मी संध्याकाळीच मागे पट्टा असलेली नवी चप्पल आणून दिली. लेक माझ्याकडे बघत राहिली. तिचं हल्ली सगळ्यातच काहीतरी बिनसलेलं असतं.

१० मार्च, रविवार

काल ठरलं म्हणे, आज मायलेकी कापड बघायला बाहेर. सकाळच्या गेल्या त्या दिवेलागणीला आल्या, आणि हातात एक पिशवी नाही. रविवारी कोणती दुकानं एवढा वेळ उघडी असतात कोण जाणे. मी थट्टा केली, दिवसभर फिरून एक रुमालही आवडला नाही का? लेक आत निघून गेली. हिने विचारलं, जेवलात का? आणि नंतर तीच म्हणाली की उद्याही जायचं आहे, लेक रजा वाढवते आहे.

मी सीट उंच केली. चांगली बसली आहे.

१६ मार्च, शनिवार

टायरवाल्याचा पंप आणला. स्क्रूला नळी लावायची आणि हाताने पंप मारायचा, तेल आपोआप ओढलं जातं. पेडलवर कोणी लागत नाही. ही एका गिऱ्हाइकाकडे कापड परत करायला गेली होती, म्हणून मी एकट्यानेच केलं. पहिल्या काही बुडबुड्यांनंतर एकही नाही. चारही चाकं स्वच्छ. पेडल दगडासारखं झालं. मी गॅरेजमध्ये एकटाच नाचलो.

ही आल्यावर लगेच बसवलं. तिने दाबलं आणि म्हणाली, हं, छान झालंय. एवढंच. माझी निराशा झाली, खोटं कशाला लिहू? इतक्या आठवड्यांची मेहनत.

एक गोष्ट मात्र मनात खुपते आहे. नळ्या नवीन, सिलेंडर नवीन, जुन्यातही दोष नव्हता. मग हवा येत कुठून होती? विचार केला पाहिजे.

१७ मार्च, रविवार

विचार केला नाही. गाडी धुतली, पुसली.

७ एप्रिल, रविवार

झालं ते क्रमाने लिहितो.

वेगवान गट सुटला. ही दोन फेऱ्या मारून परत आली. मी पाने घेऊन धावलो, काय झालं, मऊ लागतंय का? हिला हेल्मेटचा पट्टा सोडता येईना, तो मी सोडला. तिच्या तोंडाला घाम होता.

"पेडल दगडासारखं आहे," ती म्हणाली. "पाय मऊ आहे माझा."

मग तिथेच, टायरांच्या ढिगावर बसून, तिने सांगितलं. समोरून गाडी गेली की आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून ती थांबायची आणि गाडी गेली की पुढचं वाक्य बोलायची. लेकीबरोबर कापडाच्या दुकानात गेलीच नव्हती. रविवारी लेकीच्या ओळखीच्या डॉक्टरने घरी बोलावून तपासलं, सोमवारी इस्पितळात. मग पुन्हा दोनदा, गिऱ्हाइकाचं नाव सांगून. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्या आहेत. आधी पाय, हातात सुरू झालंच आहे. थांबवायचा उपाय नाही. आजचा दिवस पार पडेपर्यंत मला सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि लेक त्यावरून तिच्याशी भांडली होती. "एकदा या गटात जायचं होतं हो मला," ती म्हणाली. "पण दुसऱ्या फेरीत पुढची गाडी अंगावर आल्यासारखी झाली. मी कोणाचा तरी जीव घेतला असता."

मनगटावरची गटाची पट्टी तिने स्वतः कापून ट्रॅकवरच्या अधिकाऱ्याला दिली. म्हणजे कापून मी दिली.

टायरवाल्याने विचारलं, एवढ्यात परत? मी म्हटलं, ब्रेकचा त्रास. ही शेजारीच उभी होती.

हवा कुठून येत होती ते आता कळलं. मी स्क्रू आवळायच्या आधीच तिचा पाय मागे येत होता. दर वेळी. आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की तिने धरून ठेवलं आहे.

१५ एप्रिल, सोमवार

डॉक्टरांकडे गेलो, या वेळी मीही. चांगला माणूस आहे. मी विचारलं, काय बदलता येईल? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, बदलता काही येणार नाही, त्रास कमी करता येईल. पुढे काय काय जाईल तेही सांगितलं. हात. मग बोलणं. मग गिळणं. हिने सगळं शांतपणे ऐकलं, जणू दुसऱ्या कोणाचं माप घेत होती.

परतताना मी म्हटलं, आमच्याकडे एखादी लिफ्ट अशी सोडून दिली तर नोकरी जाईल. ती म्हणाली, मी लिफ्ट नाही हो. आम्ही दोघेही हसलो. मग मला गाडी बाजूला घ्यावी लागली, कारण रस्ता दिसेना. मी रडलो. तिने रडू दिलं.

११ मे, शनिवार

हाताने चालवायच्या गाड्यांचं सगळं वाचून काढलं. ब्रेक आणि वेग दोन्ही एकाच दांड्यावर येतात: पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. तयार मिळतो तो आपल्या गाडीत बसत नाही, म्हणून मीच बनवतो आहे. पोलाद चांगलं मिळालं. कामावरून आलो की थेट गॅरेजमध्ये.

हिने शिवायला आलेलं कापड परत द्यायला सुरुवात केली आहे. लोक येतात, घडी घेऊन जातात, विचारतात. ती सगळ्यांना सरळ खरं सांगते. मला ते ऐकवत नाही, मी मागे जातो. टायरवाल्याचा फोन आला, दिसत नाही तुम्ही. मी म्हटलं, गिअरबॉक्स खाली उतरवलाय. ही दाराशी होती.

"किती दिवस गाडीच आजारी ठेवणार आहात?" तिने विचारलं. "त्यांना खरं सांगा. आणि गाडी विकायला काढा."

मी चिडलो. म्हटलं, दांडा तरी पुरा होऊ दे. ती म्हणाली, चालवणाऱ्याच्या हातात जाऊ द्या तिला. मला ती चालताना ऐकायची आहे, झाकून ठेवलेली बघत पडून राहायचं नाही. विकली की संपलंच, हे तिला कसं सांगू? तिला ते माहीत आहेच. सांगायचं मला स्वतःलाच आहे.

८ जून, शनिवार

दांडा झाला. लोण्यासारखा चालतो, हे माझं आजवरचं सगळ्यात नेटकं काम असेल. हिला उचलून सीटवर बसवलं. तिने दांडा धरला आणि ढकलला. अर्ध्यावर गेला. तिने दुसरा हात लावला. अर्ध्यावरच राहिला.

मी म्हटलं, लांबी वाढवतो, लांब दांड्याला जोर कमी लागतो. ती म्हणाली, किती लांब करणार? रागाने नव्हे. डोक्यावरून हात फिरवायचा होता तिला माझ्या, तो खांद्यापर्यंतच पोचला.

दांडा काढून टाकला.

२१ जुलै, रविवार

बोलणं जड झालं आहे. शब्दांच्या कडा पुसल्यासारख्या. मला सगळं कळतं, अजून एकही शब्द चुकलेला नाही. लेक फोनवर म्हणते, आईला दे, आणि मग मला विचारते, काय म्हणाली? मी सांगतो. तिकडे लेकीला रडू येतं, आणि इथे ही माझ्यावर रागावते की मुलीला का रडवलं. मी फक्त तिचंच बोलणं पुढे दिलेलं असतं.

आज पुन्हा म्हणाली, गाडी. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिला कळलं की मी ऐकलंय. दुपारभर माझ्याशी बोलली नाही, आणि ज्या माणसाला एकेक वाक्य इतकं महाग झालंय त्याचा अबोला फार लागतो.

१ सप्टेंबर, रविवार

जाहिरात दिली. तिनेच मजकूर सांगितला, मी लिहिला. अवस्था उत्तम, ब्रेक नवे, ट्रॅकसाठी तयार. विकण्याचं कारण या जागी मी लिहिलं, जागेची अडचण. ते तिला वाचून दाखवलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आज एक जण गाडी बघायला आला. शाळेची बस चालवतो. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, हसरा. म्हणाला, आठवडाभर पोरं घेऊन मुंगीच्या पावलाने जातो, एक दिवस तरी जोरात जायचंय. मला तो आवडला आणि त्याचा रागही आला. हिला मी खुर्चीसकट गॅरेजच्या दारात आणून बसवलं होतं. उन्हात बसायचंय म्हणाली होती.

गडी जाणकार निघाला. गाडीखाली शिरला, नळ्या पाहिल्या, पेडल दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. मग हात पुसत उभा राहिला. म्हणाला, सगळंच नवीन आहे. नळ्या, सिलेंडर, पॅड. एवढा जीव लावलेली गाडी कोण विकतं? खरं सांगा, काय लपवताय? इंजिनात काही आहे का?

मी सुरू केलं, जागा पुरत नाही, वेळ होत नाही, आता वय झालं. माझं मलाच ऐकवेना. तेवढ्यात ही बोलली. सावकाश, थांबत, पूर्ण बोलली.

बसवाल्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. अवघडून म्हणाला, "काय म्हणाल्या ताई?"

मी काहीही सांगू शकलो असतो. त्याला कळलं नसतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता, घाईही नव्हती. मी आजवर हे कोणापाशी बोललेलो नाही. टायरवाल्यापाशी नाही, कामावर नाही, लेकीपाशीसुद्धा नाही. तरी तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"ती म्हणते, गाडीत काही दोष नाही. मी आजारी आहे. मी बरी होणार नाही."

बसवाल्याने बॉनेटवरचा हात काढून घेतला. ती आणखी काही बोलली. तेही मी सांगितलं, की एक चक्कर मारून या, मला आवाज ऐकायचाय.

तो मान घालून गाडीत बसला. बऱ्याच महिन्यांनी इंजिन सुरू झालं आणि गॅरेजच्या पत्र्याला कंप सुटला. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, कोपऱ्यावर वळली. तिने डोळे मिटून घेतले. आवाज लांब गेला, मग फक्त मधूनमधून येऊ लागला, मग गेलाच. मला काही ऐकू येत नव्हतं, पण ती अजून ऐकत होती, म्हणून मी तिच्या खुर्चीशेजारी खाली फरशीवर बसून राहिलो.